शेगड्या वर, सिलिंडर खाली

दवाखान्याच्या रांगेत शिंपीणबाई कंबर धरून उभ्या होत्या, पण कान मागच्या दोघींकडे.

"पुरानंतर मदत फक्त आमच्या वरच्या गल्लीला मिळाली. तेव्हापासून खालची गल्ली बोलेना. माझी सख्खी जाऊसुद्धा."

"आणि आता?"

"अगं, परवा मदतवाल्यांनी घोळ घातला. शेगड्या सगळ्या आम्हाला, सिलिंडर सगळे खालच्यांना."

"मग गं?"

"मग काय, शाळेच्या अंगणात एकत्रच रांधतोय. काल जावेनं आग्रह करून वाढलं मला."

"पण ते चूक सुधारायला येणार आहेत म्हणे."

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला. त्या हलल्या नाहीत.

"येऊन गेले सकाळीच. सगळं बरोबर पोचलंय, असं लिहून दिलं आम्ही."

"दोन्ही गल्ल्यांनी?"

"पहिली सही जावेची."