मागून काढलेली वायर

(साल २००९. आणे पठारावरच्या देवळाची गच्ची, दुपार. खाली सप्त्याचा मांडव. गच्चीवर दादाभाऊ, त्यांची बायको सारजाबाई आणि उपग्रहांवर काम करणारा भाचा अमृत.)

दादाभाऊ : म्हंजी गाड्यांस्नी रस्ता दावणारा वरचा त्यो उपग्रह बिघडलाय, आन् तरी तुमी चालूच ठिवलाय?

अमृत : बंद केला तर बिघाड तपासायचा कसा, मामा? त्याचा सिग्नल ऐकायलाच तर ही छत्री तुमच्या गच्चीवर लावली. इथे आभाळ चहूकडून मोकळं आहे.

दादाभाऊ : आन् आळेफाट्यावरनं निघाल्याला ट्रकवाला त्याच्या नादानं नाशिक सोडून नगरला गेला तर?

अमृत : नाही जाणार. उपग्रह दर संदेशात एक खूण पाठवतो, ‘मी आजारी आहे, माझं धरू नका.’ गाडीतलं यंत्र ती खूण बघतं आणि बाकीच्या उपग्रहांवर रस्ता काढतं. फक्त आमच्या यंत्राला सांगितलंय, तू त्याचंच ऐक.

सारजाबाई : सवताच सांगतो, मी आजारी हाय म्हणून? लई गुणाचा दिसतोय.

दादाभाऊ : आगं, ही युक्ती आमच्या सप्ता कमिटीनं कवाच काढली. आपला सोपान. भक्ती खरी, पर सूर भलतीकडं. बुवानं पद टाकलं की ह्यो आसा झेलायचा, का बुवा निरूपण सोडून ह्याच्याकडंच बघत ऱ्हायचा. टाळकऱ्यांतनं उठवावा, तर मन मोडतंय. मग मी अध्यक्ष म्हणून काय केलं? माईक तसाच त्याच्या म्होरं ठिवला, आन् मागनं वायर काढली.

अमृत : त्यांना सांगितलं?

दादाभाऊ : सांगितल्यावर युक्ती कसली? सोपान खूश, बुवा खूश, मांडव खूश.

अमृत : म्हणजे खूण सगळ्या गावाला ठाऊक, उपग्रहालाच पत्ता नाही.

सारजाबाई : चा घ्या. निवतोय.

दादाभाऊ : घेतो. उद्या काल्याचं कीर्तन. बुवा लई नावाजल्याला हाय, वरच्या पट्टीतली चाल मीच घेणार. आमृत, गेल्या सालचं कीर्तन तू कॉम्प्युटरात भरलं व्हतं नव्हं? लाव की जरा. दम कुठं तोडायचा ते बघतो.

सारजाबाई : आत्ता कशाला? खाली पंगत बसायची येळ झाली.

दादाभाऊ : लाव रे.

अमृत : मामा, ते थेट मिक्सरमधून भरलंय. माईकमधून आलं तेवढंच आहे त्यात.

दादाभाऊ : मग तर बरंच. कालवा न्हाई, निवळ आवाज... हां, ह्यो बुवा. ह्यो मुरदुंग. ह्यो गेणभाऊ, खालच्या पट्टीत. आता बघ, मी उचलतो... आता... पुढं गेलं का रं? मागं घे.

अमृत : पुढे नाही गेलं, मामा.

दादाभाऊ : मग मी कुठं हाय?

सारजाबाई : त्याला काय इचारता? तुमच्या घशाचं आपरेशन झालं, तवापासनं तुमी त्यात न्हाई.

दादाभाऊ : माझी वायर? मी अध्यक्ष हाय. ठराव कवा झाला?

सारजाबाई : ठराव न्हाई झाला. सोपाननं काढली.

दादाभाऊ : त्याला काय कळतंय वायरीतलं?

सारजाबाई : तुमी त्याची काढली, ते त्याला पयल्याच दिशी कळलं. मागं वळून बघितलं, आन् गात ऱ्हायला. पुढं तुमचा आवाज फाटाया लागला. पोरं हसाया लागली, कमिटीतली कुजबुजाया लागली, दादाभाऊंना आता बसवा म्हणून.

दादाभाऊ : आन् ह्यानं सूड घेतला.

सारजाबाई : सूड घ्यायचा आसता, तर वायर तशीच ठिवली आसती.

दादाभाऊ : ...आन् तू? रोज म्होरं बसून मान डोलावतीस. ती कशाला?

सारजाबाई : मला माईक लागतोय व्हय? तुमी चुकता ते बी ऐकू येतंय, न्हाई चुकत ते बी.

अमृत : मामा, मी खाली जाऊन जोडून देतो. उद्या तुमचा आवाज येईल.

दादाभाऊ : नगं. लोकं पार पेठ-मंचरापासनं बुवाला ऐकाया येत्यात. आपली तपासणी त्यांच्या कानात कशापायी?

सारजाबाई : मग उद्या उभं ऱ्हाणार न्हाई?

दादाभाऊ : ते पहाटं ठरवू. तू सोपानला निरोप धाड. म्हणावं, काकड्याला जरा आगुदर ये. मांडवात कुणी यायच्या आधी दोघं मिळून येक अभंग म्हणून बघू.