बाबांनी श्वास आत ओढला

चिनात्सु : पण बाबा, तुम्ही श्वास आत ओढलातच का? दातांतून? तोही असा लांबलचक, ‘स्स्स्स’ करून?

गेन्साकु : दाढ गं! कलिंगडाची थंडगार फोड नेमकी किडक्या दाढेवर. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

चिनात्सु : होदाकाच्या वडिलांनी त्याच क्षणी माझ्यासाठी मागणी घातली होती!

गेन्साकु : ते तेवढ्यात तोंड उघडतील हे मला काय माहीत?

चिनात्सु : वर मान तिरकी केलीत.

गेन्साकु : दाढ डावीकडची, म्हणून उजवीकडे...

चिनात्सु : दातांतून श्वास आणि तिरकी मान! आपल्या जपानात शेंबडं पोरही याचा अर्थ सांगेल, ‘नाही जमायचं.’

गेन्साकु : मग त्यांनी विचारायचं तरी!

चिनात्सु : काय विचारायचं? ‘हा नकार आहे की दाढ आहे?’ ‘कलिंगड छान आहे हं,’ म्हणाले बिचारे, आणि पाच मिनिटांत बुटांत पाय. आज हे पत्र. ‘आम्हीच घाई केली, क्षमा असावी.’ होदाका फोनही उचलत नाहीये.

गेन्साकु : मी आजच्या आज दाढ उपटून येतो.

चिनात्सु : आता? बाबा, कळ किती वेळ होती?

गेन्साकु : असेल... दहा-बारा सेकंद.

चिनात्सु : आणि ते पाच मिनिटं बसले होते.

गेन्साकु : हो.

चिनात्सु : मग?

गेन्साकु : त्यांचा चेहरा उतरलेला दिसला मला. काय समजलेत तेही कळलं. म्हटलं, आता सांगतो. तेवढ्यात तू चहा आणायला उठलीस. मी तुझ्या पाठीकडे बघितलं... आणि गप्प बसलो. चुकलं माझं, पोरी.

(चिनात्सु फोन उचलून बाबांपुढे धरते.)

चिनात्सु : फोन घ्या.

गेन्साकु : त्यापेक्षा एक छानसं पत्र लिहितो. आधी रीतीप्रमाणे ऑगस्टमधल्या उकाड्याबद्दल दोन ओळी...

चिनात्सु : त्या उकाड्यातून ते आणखी काहीतरी समजतील! तोंडाने सांगा. सरळ.

गेन्साकु : सगळं?

चिनात्सु : दाढ सांगा. पाच मिनिटंही सांगा.

गेन्साकु : हॅलो, आरिमुरा-सान? होदाकाचे वडीलच ना? मी गेन्साकु. काल... काल माझी दाढ दुखली हो. आणि मग दुखायची थांबली, तरी मी बोललो नाही. पोरगी जाईल म्हणून. माझी लाज वाटते मला. क्षमा करा.

चिनात्सु : बाबा, उठा. फोनवर चटईला डोकं टेकेपर्यंत वाकून काय उपयोग? त्यांना थोडंच दिसतंय?

गेन्साकु : शू! तेही वाकलेत तिकडे.

चिनात्सु : कशावरून?

गेन्साकु : आवाज चटईतून येतोय त्यांचा.