मास्तरचं कोपर

...आणि मला सांगा, ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक सदरा वेळेवर दिला नाही, त्यानं मरायला मात्र अशी घाई करावी, ही कुठली पद्धत? मास्तर हो. आमचा शिंपी. त्याचं दुकान आणि माझा फोटो स्टुडिओ यांच्यात एकच भिंत, तीही इतकी पातळ की त्यानं मशीन सुरू केलं की माझ्याकडच्या फ्रेममधले नवरा-नवरी थरथरायचे. कुणीही कपडे न्यायला येवो, हा मान वर न करता म्हणणार, "उद्या या." एकदा नवरदेव स्वतः आला, रडकुंडीला आलेला, म्हणाला, "मास्तर, अहो लग्न उद्या आहे." हा म्हणतो, "मग बरोबर आहे. उद्या या."

आणि परवा... परवा कसलं, झाला की आता महिना, सकाळी मशीनवर बसला, लेकीला म्हणाला जरा पाणी दे, ती पाणी घेऊन येईपर्यंत गेलासुद्धा. मशीनवर माझा कोट, अर्धा. वर्षभर मला "उद्या ये, उद्या ये" करत होता.

बरं, रडायला सवड मिळावी ना? तर त्याची लेक आली. दुकान आता तीच बघते. म्हणाली, "काका, रविवारी सगळे जमणार आहेत, समोर ठेवायला बाबांचा चांगला फोटो द्या. तुमच्याकडे असतीलच." मी म्हटलं, "असतीलच म्हणजे? ढीग आहे, बेटा."

तुम्हाला सांगतो, एकही नाही.

हसू नका. शेजारी शेजारी आयुष्य काढलं, धंदा माझा फोटोचा, आणि त्याचा एक फोटो नाही. कसा असेल? मी म्हणायचो, "मास्तर, बस खुर्चीवर, तुझा एक काढतो." तो म्हणायचा, "आज दाढी नाही रे, उद्या काढ." दाढी केलेली असली की, "आज गिऱ्हाईक आहे, उद्या काढ." दाढी केलेली, गिऱ्हाईक नाही, तर म्हणे, "आज निवांत आहे, चहा पिऊ. फोटो उद्या." घरातही काय होतं, एक लग्नातला, त्यात तो इतका काटकुळा की लेकच विचारते हा कोण, आणि एक ओळखपत्रावरचा, त्यात तो पोलिसांना हवा असल्यासारखा दिसतो. तो मी काढलेला नाही, हे आपलं सांगून ठेवतो.

मग बसलो शोधत. जुन्या निगेटिव्ह काढल्या, कॉम्प्युटर उपसला. आणि मास्तर सापडायला लागला की हो. म्हणजे तुकड्यातुकड्यानं. त्याचं काय आहे, स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी एक कोट टांगलेला असतो, सगळ्यांना मिळून एकच. बारक्या माणसाला घातला की वाटतं कोटच एकटा फोटो काढायला आलाय. मग मी भिंतीवर थाप मारायची, की मास्तर तोंडात टाचण्या धरून हजर. गिऱ्हाइकाच्या पाठीमागे वाकून बसायचा, कोट पाठीशी मुठीत आवळून धरायचा, आणि पुढून माणूस असा दिसायचा, जसा काही कोट अंगावरच शिवलाय. किती जणांना त्या फोटोवर नोकऱ्या लागल्या, स्थळं आली, आणि मागे मूठ आवळून बसलेला हा. एकदासुद्धा म्हणाला नाही की माझं मशीन तिकडे थांबलंय.

तर फोटोत मास्तर आहे, पण केवढा? एका वकिलाच्या कमरेपाशी अंगठा. एका हेडमास्तरांच्या खांद्यामागे दोन बोटं. आणि एका बँक मॅनेजरच्या बगलेतून कोपर. कोपर काय सुरेख आलंय म्हणता, मॅनेजर पुसट आणि कोपर स्वच्छ. पण रविवारी समोर काय कोपर ठेवायचं? लोक डोळे कशाकडे बघून पुसणार?

बायको म्हणाली, "जगाचे फोटो काढलेत, आणि भावजींचा एक नाही?" ती फार बोलत नाही, पण बोलली की असं. आणि तेव्हा मला रडू आलं. इतके दिवस आलं नव्हतं, ते त्या कोपराकडे बघून आलं.

आणि शनिवारी सापडला. नवा कॅमेरा घेतला होता तेव्हाचा. मास्तरच्या दुकानात, त्याच्या मोठ्या आरशासमोर उभं राहून गंमत म्हणून काढलेला. मध्ये मी, अंगात नवा कोट, कॅमेरा डोळ्याला. आणि मागे मास्तर. अख्खा. गळ्यात टेप, चष्मा कपाळावर, तोंडात टाचण्या, आणि हसतोय. टाचण्या न सांडता हसणं त्यालाच जमायचं. म्हटलं चला, मला कापतो आणि याला ठेवतो. मोठा करून बघतो तर याचा हात माझ्या कोटाच्या आत. उजव्या खांद्यात काहीतरी सरकवतोय.

तसाच उठलो, शेजारी गेलो. "काय करतोय गं तुझा बाप इथं?"

ती कात्रीशीच चाळा करत बसली. म्हणाली, "रागावू नका, काका. कापसाची गादी आहे. तुमचा उजवा खांदा उतरलेला आहे ना."

"माझा?"

"कॅमेऱ्याची बॅग वागवून. बाबा तुमच्या प्रत्येक कपड्यात गादी घालायचे, सदऱ्यातसुद्धा पातळशी. म्हणायचे, हा दिवसभर लोकांना 'खांदा सरळ करा' सांगतो, याला स्वतःचा कळला तर बोलायचाच थांबेल. म्हणून तुमचे कपडे कारागिरांना देत नसत. सगळे घरी गेले की स्वतः बसायचे. त्यालाच वेळ लागायचा."

आता बोला. मी जन्मभर त्याला आळशी म्हणत होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती भाजी निवडत म्हणते, "मला माहीत आहे. भावजींनी सांगून ठेवलं होतं, वहिनी, त्याला तयार कपडे घेऊ देऊ नका." म्हणजे मी वाकडा आहे हे सगळ्यांना ठाऊक, आणि मी आपला ताठ मानेनं हिंडतोय. हिंडलो हो, मजेत हिंडलो. असा माणूस मिळायला नशीब लागतं.

फोटोतून मला काही कापता येईना. कापायला गेलं की त्याचा हात माझ्या खांद्यात राहतो. लेक म्हणाली, राहू दे काका, दोघांचाच ठेवू. मशीनवरचा माझा अर्धा कोट विचारला तर मान वर न करता म्हणाली, "उद्या या." बापाची लेक. पण दिला, रविवारी सकाळी, गादीसकट.

मग काय, समोर आम्ही दोघं. लोक येतायत, मान खाली घालतायत, मी शेजारी नवा कोट घालून सरळ उभा. तेवढ्यात मास्तरचं एक जुनं गिऱ्हाईक आलं, डोळ्यांनी अधू, फोटोसमोर बराच वेळ उभं राहिलं, आणि माझ्याच कानाशी लागून म्हणालं, "मास्तर गेले ते कळलं होतं. फोटोवालेपण गेले?"

मी म्हटलं, "गेले होते. मास्तरनं परत पाठवलं. म्हणाला, उद्या ये."