नमुना किती घेतला?

...आणि वर मलाच विचारतात, "नमुना किती घेतला?" अहो, नमुना कशाचा घेऊ? तुम्हाला सांगते, पाच वर्षं मी गणितात पीएचडी करून राह्यले आणि तपासायला बसलेल्या समितीत मार्गदर्शक सोडले तर गणिताचं कुणीच न्हाई! अध्यक्ष भागवत सर वाणिज्यचे, ज्योत्स्ना मॅडम समाजशास्त्राच्या, आणि माझे मार्गदर्शक बद्रीनाथ सर कोपऱ्यात चहात बिस्कीट बुडवत बसलेले.

मी आपलं सोपं करून सांगितलं. म्हटलं सर, एक जागा आहे, ती अशी सरकवता येते की कुठलाही बिंदू कुठल्याही बिंदूवर जाऊन बसतो, सगळीकडून सारखीच. प्रत्येक बिंदूवर एकेक रेषा उभी. जवळजवळच्या रेषा छान जुळतात. अख्ख्या जागेवर जुळवताना कुठं अडतं का, ते मोजायचं. माझ्या रेषांचं कुठंच अडत न्हाई, हे मी सिद्ध केलं. अडथळा शून्य!

भागवत सरांनी चष्मा खाली घेतला. "शून्य? पाच वर्षांत काहीच निघालं नाही?"

माझी आई एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात बी निवडते. तिला हेच भाकरी थापताना सांगितलं, तर म्हणली, "म्हंजे लॉटमधी तणाचं बी एकबी न्हाई निघालं. मंग पासच की!" बघा! सातवी शिकलेल्या बाईला कळलं!

पण समितीचा फॉर्म सगळ्या विषयांना एकच ना! "प्रश्नावली जोडली नाही." कुणाला विचारू प्रश्न? रेषेला? 'ताई, तुम्हाला कधी अडल्यासारखं वाटतं का?' मॅडम म्हणतात, "रकाना आहे, मग भरायलाच पाहिजे!" नमुना? लिहिलं, अनंत. "अनंत म्हणजे नक्की किती? दोनशे लिहा." रकाना आहे, मग भरायलाच पाहिजे! भौगोलिक मर्यादा? म्हटलं मॅडम, मर्यादाच न्हाई, कुठंही खरं आहे, म्हणून तर जीव टाकला याच्यावर! "सगळीकडे सारखंच म्हणता ना? मग जालना जिल्हा घ्या."

मी ताडकन उठले. हे खोटं आहे, लिहिणार न्हाई! ...खरंच असं म्हणले हो!

बद्रीनाथ सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. "साक्षी, शुक्रवारी मुदत संपते. नोंदणी रद्द झाली तर पाचही वर्षं गेली. रकाना आहे, भरून टाक बेटा."

भरला. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत छापलं: 'जालना जिल्ह्याच्या विशेष संदर्भात'!

मंग तोंडी परीक्षा. परीक्षक लांबून आल्ते, आणि चक्क गणिताचे! जीव भांड्यात पडला माझा. प्रत्येक पान वाचून आल्ते. म्हणाले, "सिद्धता निर्दोष आहे." माझे डोळे भरून आले... "फक्त, हे शेजारच्या बुलढाण्यात का लागू होत नाही, तेवढा खुलासा करा."

बद्रीनाथ सर बिस्किटाकडं बघत. मी म्हटलं, "सर, बुलढाणा दुसऱ्या विद्यापीठात येतं."

"बरोबर!" म्हणाले, आणि सही केली.

झाले मी डॉक्टर. जिल्ह्यापुरती.