कडीला टांगलेली जोडी

आयर्लंडमधल्या कॉर्क शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये पद्मजा बसली होती. खेड्यात घर घेऊन महिनाही झाला नव्हता, आणि आज सकाळी दाराच्या कडीला कुणीतरी दोन मेलेले पक्षी माना बांधून टांगून गेलं होतं. तेवढ्यात मागच्या सीटवरून सासू-सुनेचं मराठी ऐकू आलं.

"अहो आई, ती करणी नव्हती! गन क्लबवाले शिकारी फेझंट पक्षी मारायला आपल्या रानातून जातात ना, म्हणून जोडी ठेवतात. आभार मानायची रीत आहे इथली."

"आभार? अगं, मी वर लिंबू कापून पुरले की ते!"

"पुरले?"

"चांगले खोल. पण त्या बंदुका वाजल्या की माझ्या काळजाचं पाणी होतं."

"कुत्राही पलंगाखाली शिरतो. पण कुंपणाची झाडी तीच माणसं राखतात, थंडीत पाखरांना दाणे घालतात."

"आधी दाणे, मग गोळी! अजब माया."

"त्या क्लबातला पॅट विचारत होता, जोडी खायला कशी लागली?"

"काय सांगितलंस?"

"ग्रँड म्हटलं. शनिवारी आणखी दोन आणतोय."

"मग लिंबं आणून ठेव."

पद्मजाने फोन काढला. नवऱ्यासाठी लिहून ठेवलेलं 'आपण इथून जाऊ या' तिने पुसलं आणि नवं लिहिलं, 'पक्षी टाकू नकोस. खोबरं भाजायला घे.'