उभ्याने करायचं काम

सासूबाई : हे मऊ नको. मऊ माझ्याकडे आहे एक जोड. मला असं काहीतरी दाखवा, की वरून पाय दाबला तर खालून उलट उत्तर आलं पाहिजे.

दुकानदार : उलट उत्तर?

सून : आईंना जरा कडक हवंय, असं म्हणायचंय त्यांना.

सासूबाई : अगं, काय म्हणायचं ते मी म्हटलं की! बसमध्ये कंडक्टर आहे मी. भर गर्दीत शेवटच्या सीटवरच्या माणसाला माझं बोलणं कळतं, यांना समोर उभं राहून कळणार नाही?

दुकानदार : कळलं हो, काकू. बुटाच्या आत घालायचं इनसोल हवंय तुम्हाला. पण कडक म्हणजे किती कडक, ते पाय बघितल्याशिवाय कसं सांगू? दुखतं कुठे?

सासूबाई : टाचेखाली. आणि इथे, आतल्या बाजूने. सकाळी पलंगावरून उतरले की पहिली काही पावलं टाकताना जीव नकोसा होतो. जरा चाललं की बरं. दिवसभर उभी राहिले की संध्याकाळी पुन्हा आहेच.

सून : संध्याकाळी भिंत धरून चालतात.

सासूबाई : भिंत आपलीच आहे ना? धरली तर काय बिघडलं?

दुकानदार : मुंग्या येतात का पायाला? बधिर होतो? सूज वगैरे?

सासूबाई : नाही.

दुकानदार : साखरेचा त्रास?

सासूबाई : चहात दोन चमचे घालते, तेवढाच.

दुकानदार : मग चपला काढा. आधी या ओल्या फडक्यावर पाय ठेवा, आणि मग या खाकी कागदावर उभ्या राहा. दोन्ही पायांवर सारखं वजन... हं. आता उतरा.

सून : अगंबाई! अख्खाच्या अख्खा पाय उमटलाय. मधे कोरडी जागाच नाही.

दुकानदार : तेच बघायचं होतं. तळव्याला मधे कमान असते, तेवढा भाग कागदाला लागत नाही. काकूंची कमान पार खाली टेकलीये. सपाट तळवा.

सासूबाई : माझ्या आईचाही असाच होता. ती ओल्या फरशीवरून गेली की आम्ही भावंडं म्हणायचो, बदक गेलं बघा.

दुकानदार : आता या काउंटरला धरा आणि चवड्यांवर उभ्या राहा. टाचा वर. ताई, तुम्ही जरा वाकून बघा. आतल्या बाजूला खळगी पडते का?

सून : पडतेय! आत्ता दिसतेय की.

दुकानदार : मग ठीक आहे. वजन पडलं की कमान बसते, वजन काढलं की वर येते. अशा पायाला खालून आधार दिला तर बहुतेक वेळा आराम पडतो. चवड्यांवरही ती आली नसती, तर मी तुम्हाला काही विकलं नसतं. आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

सून : डॉक्टरांकडे जा म्हणून तर आम्ही दोघं कधीचे मागे लागलोय.

सासूबाई : ‘आम्ही दोघं’ म्हणजे ही आणि हिचा नवरा.

दुकानदार : म्हणजे तुमचा मुलगा?

सासूबाई : शहाण्यासारखा वागला की माझा मुलगा. सध्या हिचा नवरा.

दुकानदार : बरं. ड्यूटीवर घालता ते बूट आणलेत का?

सून : हे घ्या, पिशवीत आहेत.

दुकानदार : बूट चांगले आहेत. मागची बाजू ताठ आहे, आपल्या कामाची. टाच बघा, आतल्या अंगाने कशी झिजलीये. पाय आत कलतो ना, त्याची खूण ही... पण हे काय घातलंय?

सासूबाई : तेच ते मऊ. जेल की काय म्हणतात ते. आठवडी बाजारातून आणलं होतं.

दुकानदार : बुटातली मूळची गादी न काढताच, तिच्यावर?

सासूबाई : म्हटलं, गादीवर गादी. दुप्पट आराम.

दुकानदार : काकू, त्याने टाच बुटात वर उचलली जाते. मागचा काठ तिला धरू शकत नाही. बूट सुटल्यासारखा वाटत असेल तुम्हाला.

सासूबाई : ...सुटला होता. एकदा.

सून : मंगळवारी? तुम्ही बसमध्ये पडलात तेव्हा?

सासूबाई : तुला कुणी सांगितलं?

सून : तुमच्या ड्रायव्हरदादांनी घरी फोन केला होता.

सासूबाई : त्याच्या पोटात काही राहील तर शपथ! आणि पडले नाही मी. कलंडले. तिकीट देत होते, त्याने करकचून ब्रेक मारला, टाच बुटातून निसटली आणि पाऊल आत मुडपलं. गेले ती एका बाईच्या अंगावर. तिच्या मांडीवर तान्हं मूल.

सून : बाई गं! लागलं का त्याला?

सासूबाई : नाही. मी दांडा पकडला वेळेवर. ते मूल तर माझ्याकडे बघून हसलं. त्याची आई मात्र हसली नाही. तिने मुलाला दुसऱ्या बाजूला घेतलं. पुढचे दोन-तीन स्टॉप माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. ड्रायव्हरला वाटलं, मी खाली राहिले की काय.

सून : आई, मग मला एक सांगायचंय. रागावू नका. तुमचा मुलगा परवा डेपोत गेला होता. तुमच्या साहेबांना...

सासूबाई : मला बसवरून काढून चौकशीच्या खिडकीत बसवा, असं सांगायला. ठाऊक आहे मला.

सून : तुम्हाला कोणी सांगितलं?

सासूबाई : साहेबांनीच. म्हणाले, बाई, मुलगा काळजीने आला होता, चिडू नका. जागा रिकामी आहे, सोमवारपर्यंत काय ते कळवा.

सून : आणि तुम्ही घरी एक शब्द काढला नाहीत?

सासूबाई : तुम्ही कुठे काढलात? जेवताना तिघंही आपापल्या ताटात बघत होतो.

दुकानदार : मी जरा आतून दुसरे दोन जोड घेऊन येतो. तुमचं चालू द्या.

सून : मला तेव्हाच सांगायचं होतं. पण तो म्हणाला, आधी साहेबांचं काय ते कळू दे. आई, खिडकीचं कामही काही वाईट नाही. सावलीत, पंख्याखाली, बसून...

सासूबाई : मी कधी म्हटलं वाईट आहे? कोणीतरी बसायलाच हवं तिथे. आणि तुझ्यापासून काय लपवायचं, काल दिवसभर मी हो म्हणायच्याच बेतात होते. त्या बाईने मूल कसं पलीकडे घेतलं, ते डोळ्यांपुढून जाईना.

सून : मग हो का नाही म्हणालात?

सासूबाई : मागे तुझी मान धरली होती. ऑफिसातून आलीस की गळ्यात तो पट्टा. तेव्हा काय केलंस?

सून : खुर्ची बदलून घेतली. कॉम्प्युटर जरा वर ठेवला.

सासूबाई : नोकरी सोडलीस?

सून : नाही.

सासूबाई : तुझ्या नवऱ्याने तुझ्या साहेबांची गाठ घेतली?

सून : घेतली असती तर मी त्याला घरात घेतलं नसतं.

सासूबाई : झालं तर मग! उद्या खरोखरच उभं राहवेनासं झालं तर मी आपल्या पायाने जाऊन त्या खिडकीत बसेन, कुणी सांगायला नको. पण आधी खुर्ची बदलून बघू दे की मलाही.

दुकानदार : हं, काकू, हा घाला. मूळची गादी मी काढून टाकलीये.

सासूबाई : अगं आई गं! दगडावर उभं केलंत की मला!

दुकानदार : काढा, लगेच काढा. याची कमान उंच आहे, तुमच्या तळव्याला सोसायची नाही. बळंच घातला तर वेगळंच दुखणं सुरू होईल. कडक हवा म्हणजे पायावर सूड उगवायचा असं नाही. आता हा बघा. याची कमान मध्यम आहे, आणि टाचेला ही वाटीसारखी खोल जागा. अंगठ्याने दाबा मधे.

सासूबाई : दबतोय. पण पुरता जात नाही खाली.

दुकानदार : आता तुमचा जुना दाबा.

सासूबाई : हा तर पार बसला. फरशी लागली बोटाला.

दुकानदार : हाच फरक. मऊवर बरं वाटतं, पण पाय कलायचा तो कलतोच. पुढून जरा लांब होतोय, मी मूळची गादी वर ठेवून तेवढा कापून देतो... झालं. दोन्ही पायांत घाला, नाड्या नीट बांधा आणि चाला.

(सासूबाई दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालून येतात.)

सून : कसं वाटतंय?

सासूबाई : खाली कुणीतरी आहेसं वाटतंय. टाच हलत नाहीये. दुखतंय, पण आतल्या बाजूची ती ओढ नाही... तू इकडे ये. मला धक्का दे.

सून : काय?

सासूबाई : ब्रेक लागल्यासारखा. मागून. सरळ फरशीवर कोणीही चालेल, मला बसमध्ये उभं राहायचंय.

सून : आई, लोक बघतायत!

सासूबाई : बघू देत. सुनेने सासूला धक्का दिला, हे काय जगात पहिल्यांदा होतंय?

दुकानदार : या दुकानात पहिल्यांदाच. थांबा, मी पुढे उभा राहतो, म्हणजे काचेच्या कपाटावर जायला नको.

सून : हं... घ्या.

सासूबाई : हा धक्का आहे की मालिश? नीट दे.

सून : देऊ नीट?

सासूबाई : मनात काही साठवलेलं असेल ना, तेही घाल त्यात.

सून : मग सांभाळा हं!

दुकानदार : अरे, अरे, ताई!

सासूबाई : ...उभी आहे. बघ, उभी आहे मी! पाऊल पुढे पडलं पण मुडपलं नाही. पुरे गं, आता नको. बरंच साठलं होतं की तुझ्या मनात.

सून : तुमच्याबद्दल नव्हतं ते सगळं. थोडं त्याच्याबद्दलही होतं.

दुकानदार : आता माझं ऐका. आज तास-दोन तासच घालायचा. उद्या थोडा जास्त. पायाला सवय होईपर्यंत पूर्ण ड्यूटी यावर करायची नाही.

सासूबाई : आणि मग सोमवारी मी काय करू? बसच्या टपावर बसू?

दुकानदार : ते मी कसं सांगणार? पण पहिल्याच दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत घातलात, तर पोटऱ्या भरून येतील आणि तुम्ही मला शिव्या द्याल. आणि डॉक्टरांना पाय दाखवाच. मी आधार विकतो, दुखण्याचं कारण नाही ओळखत.

सून : रजा टाका ना थोडी. साठलेली आहे.

सासूबाई : दोघं एक झालात का? बरं. दे माझा फोन.

सून : कोणाला करताय?

सासूबाई : हॅलो, साहेब? मीच. खिडकीचं सांगायला फोन केला... नाही, नको. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या... हो, मुलगा आला होता, मुलगा काळजी करणाराच आहे. पण नोकरी माझी आहे ना, साहेब... पडले, खोटं कशाला बोलू? बुटाची चूक होती, ती सुधारली... हं... हं. डॉक्टरांची चिठ्ठी? पाय ठीक असल्याची?... आणून देते. तेवढं तुम्ही मागायलाच हवं, बसमध्ये लोक असतात. तोवर रजा धरा माझी... आणि डॉक्टर नको म्हणाले तर तुम्ही सांगाल तिथे बसेन. पण म्हणणार नाहीत. ठेवते.

सून : काय म्हणाले?

सासूबाई : म्हणाले, तुमच्याशिवाय त्या मार्गावरची गर्दी आवरायची कुणी? मग आधी का नाही म्हणालात, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

सून : उद्याच जाऊ डॉक्टरांकडे. मी येते तुमच्याबरोबर.

सासूबाई : ये. पण आत मीच बोलणार.

सून : त्याचा फोन येतोय... हॅलो? हो, दुकानातच आहोत... हो, सांगितलं. त्यांना आधीच ठाऊक होतं... अरे, मी काय सांगू, त्यांनाच विचार. घ्या आई, तुमचा मुलगा.

सासूबाई : बोल रे... नाही, रागावले होते, आता नाही. साहेबांना मीच सांगितलं, मी बसवरच राहणार... ऐक, ऐक आधी. उद्या डॉक्टरांकडे चाललोय आम्ही. ते काय म्हणतील ते मी तुला घरी येऊन सांगेन, सगळं सांगेन. पण पुढच्या वेळी तूही आधी माझ्याशी बोलायचं... बरं, बरं. रडतोस काय वेड्यासारखा?... हो, दुखतंय अजून. कालच्यापेक्षा कमी... नको, न्यायला येऊ नकोस. दोन गल्ल्या तर आहेत, आम्ही चालत येतोय.