हक्कसोडपत्राची शेवटची ओळ

सभेचे अध्यक्ष शेषरावजी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलोय ते आमचे वकीलसाहेब गुलाबचंदजी, त्यांच्या सौभाग्यवती राजमतीकाकू, मंचावरचे ज्येष्ठ वकील आणि समोर बसलेली कारंज्याची मंडळी,

मी ॲडव्होकेट नमरा, साहेबांची शेवटची ज्युनिअर. त्यांच्याकडे मी आधी शब्द शिकले, कायदा नंतर. ‘मजकूर इसम’ वाचून मला वाटायचं, हा कोणी फरार गुन्हेगार असावा. साहेब म्हणाले, “इसम म्हणजे अरबीत नाव. मजकूर म्हणजे ज्याचा उल्लेख झाला तो. बिचाऱ्याले कायले तुरुंगात टाकून राह्यली?” ‘फिर्याद’ म्हणजे फारसीत मदतीसाठी मारलेली हाक. आपण तिला कोर्ट-फीचं तिकीट लावून पुढच्या तारखेवर ढकलतो, ही गोष्ट वेगळी.

साहेबांची एक खोड सगळ्या कोर्टाला ठाऊक आहे. दस्तात काय लिहिलंय ते पक्षकाराने स्वतःच्या बोलीत परत सांगितल्याशिवाय ते सही घेत नाहीत. बाहेर लोक जांभया देत बसतात. एवढा खटाटोप कशाला, असं वाटतं ना?

मी शाळेत शिकत होते तेव्हाची गोष्ट. अब्बा नुकतेच वारले होते. सैफुद्दीनमामू माझ्या अम्मीला, जैतुनबीला, साहेबांकडे घेऊन आले. माहेरच्या, धनज गावच्या वावरातला तिचा वाटा तिने हक्कसोडपत्र करून मामूंना सोडायचा होता. रीतच तशी. वाटा मागितला की माहेर तुटतं. साहेबांनी शेवटची ओळ वाचली, ‘राजीखुशीने लिहून दिले.’

“बाई, हे तर तुमच्याच घरातले शब्द. राजी म्हंजे?”

“कबूल.”

“अन् खुशी?”

अम्मी म्हणाली, “राजी हाव, साहेब. खुशी नाही. पोरीले शिकवाचं हाय.”

मामू चिडले. “तो शब्द काढून टाका.”

“शब्द काढता येते, सैफुद्दीनभाई. बहिणीच्या मनातलं कसं काढता?”

सही झाली नाही. मामूंनी आमच्याकडे येणंच सोडलं. अम्मी रोज दाराकडे बघायची. तुरी निघाल्यावर ते आले, खांद्यावर पोतं घेऊन, आणि दारातूनच म्हणाले, “तुह्या वाट्याचं हाय.” त्या वाट्यावर मी वकील झाले.

आज अम्मी आणि मामू समोर शेजारी बसलेत. माहेरची गोष्ट सभेत सांगू का, असं मी सकाळी मामूंना विचारलं. म्हणाले, “सांगजो. त्या दिवशी सही झाली असती, तरी बहीण येतच राह्यली असती. मीच तिच्याकडं पाहू शकलो नसतो.”

साहेब, तुमचे मनापासून आभार. मामू, तुमचेही. मोठ्यांसमोर काही अधिक-उणं बोलले असेन, तर पोटात घाला.